जुलाबात बाळाचे पाणी बंद करू नका

पावसाचे पहिले गढूळ पाणी विहिरींत आणि नळांत उतरले की दवाखान्यात जुलाब-उलट्यांची मुले येऊ लागतात. दरवर्षी हे दिवस आले की मला एक बाळ आठवते.

मी नुकताच दवाखाना थाटला होता. बाजारचा दिवस होता, बाहेर गर्दी होती. दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन त्याची आई आणि आजी आल्या. सकाळपासून चार-पाच पातळ जुलाब झाले होते. बाळ हसत-खेळत होते. मी औषधाची बाटली लिहून दिली, 'काळजी करू नका' म्हणालो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच बाळ आजीच्या मांडीवर मलूल पडलेले होते. डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली, जीभ कोरडी. रडत होते, पण डोळ्यांत पाणी नव्हते. रात्रीपासून लघवी झाली नव्हती. प्यायला काय दिले, असे मी विचारले. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, काल दुपारपासून घोटभर पाणीसुद्धा दिलं नाही बघा. वरून घातलं की खालून जातंय, मग द्यायचं कशाला?"

बाळाला तातडीने जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. सलाईन लागले आणि बाळ वाचले. आजींना मी दोष दिला नाही. त्यांना जे दिसत होते त्यावरून त्या बोलत होत्या. चूक माझी होती. औषध लिहून दिले, पण पाणी पाजत राहा हे सांगायला मला दोन मिनिटे सापडली नव्हती.

धोका कशाचा?

साध्या जुलाबाचे जंतू बहुतेक वेळा चार-पाच दिवसांत आपोआप निघून जातात. बाळाच्या जिवाला धोका असतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून जाण्याचा. मोठ्या माणसाला दहा जुलाब झाले तर थकवा येतो. सात-आठ किलोच्या बाळाला तेवढे झाले तर त्याचे रक्ताभिसरणच धोक्यात येते. म्हणून जुलाब किती झाले यापेक्षा गेलेले पाणी भरून निघाले की नाही, हा प्रश्न मोठा आहे.

साखर-मीठच का?

आजींचे म्हणणे वरवर पटण्यासारखे होते. परंतु जुलाबातही आतड्याची पाणी शोषण्याची एक वाट उघडी असते. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र आले की दोन्ही आतड्यातून रक्तात जातात आणि त्यांच्यामागून पाणीही जाते. म्हणजे वरून घातलेले सगळे खालून जात नाही, बरेचसे अंगी लागते. साखर फार झाली तर मात्र उलटे होते. ती अंगातले पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून जुलाबात बाटलीतले गोड थंड पेय देऊ नये.

याची मोठी परीक्षा 1971 साली झाली. बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत तयार करून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाईकांनी ते पाजले. छावणीत शंभरात सुमारे तीस रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले. त्यांना 2023 साली मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, ती हीच.

घरी काय करावे?

जलसंजीवनीची पुडी आरोग्य केंद्रात, आशाताईंकडे व औषधाच्या दुकानात मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने पाण्यात टाकू नये. तयार पाणी झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे.

पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. आधी स्वतः चव घ्यावी. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते टाकून पुन्हा करावे.

दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप द्यावे. चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे.

अंगावरचे दूध कधीही बंद करू नये. सहा महिन्यांवरील बाळाला पेज, वरणाचे पाणी, मऊ भात, ताक चालते. डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण कराव्यात. जुलाब एकदम बांधणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या मुलांना देऊ नयेत.

दुकानातून पुडी घेताना नीट वाचून घ्यावी. 'ओआरएस' हे नाव लावलेली गोड पेयेही बाजारात आली होती. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरण्यास मनाई केली.

डॉक्टरकडे केव्हा धावावे?

बाळ सुस्त पडले, डोळे किंवा टाळू खोल गेली, पोटाच्या कातडीची चिमटी घेऊन सोडली तरी ती सावकाश बसली, सहा तास लघवी झाली नाही, पाणी पिता येईना, प्रत्येक घोट उलटून पडू लागला, शौचातून रक्त आले किंवा खूप ताप असला तर घरी थांबू नये. वाटेतही, पिता येत असेल तर, जलसंजीवनी पाजत राहावे.

त्या बाळानंतर मी एक नियम केला. जुलाबाचे मूल आले की पहिली वाटी माझ्यासमोर, आईच्या हातून पाजायची. त्यात पाच-दहा मिनिटे जातात, बाहेरचे रुग्ण कुरकुरतात. पण घरी गेल्यावर आजी काही म्हणाल्या तरी त्या आईने बाळाला पाणी पिताना आणि ते पोटात ठरताना पाहिलेले असते.