मध्ययुगीन दगडी पूल : खाम नदीवरील दरवाजा-पुलांचे स्थापत्य आणि इतिहास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या मध्ययुगीन वास्तूंचा अभ्यास प्रामुख्याने किल्ले, लेणी व मकबरे यांच्या अनुषंगाने झाला आहे. त्या तुलनेत दगडी पूल उपेक्षित राहिले. प्रस्तुत लेखात पूर्वीच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील खाम नदीवरील पुलांचा विचार केला आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातूनच वेगळा झाला असल्याने या प्रदेशाचा इतिहास सामायिक आहे.

उतार आणि पूल

दख्खनच्या नद्या हंगामी असल्याने वर्षातील बहुतेक काळ त्या उतारावरून ओलांडता येत. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली लढाई हे त्याचे बोलके उदाहरण होय. केळणा नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसताच तेथे उतार असणारच, असे अनुमान इंग्रज सेनापती वेलस्ली याने केले आणि सैन्य पलीकडे नेले. नदी ओलांडण्यास पूल अपरिहार्य नव्हता. म्हणून जेथे बारमाही रहदारी आवश्यक होती तेथेच, विशेषतः राजधानीच्या तटाशी, पुलावर खर्च केला जाई.

दरवाजा-पुलांची रचना

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत तिला औरंगाबाद हे नाव मिळाले व १६८२ च्या सुमारास तटबंदी उभी राहिली. शहराच्या पश्चिमेस खाम नदी वाहते. बेगमपुऱ्याकडे नेणारा मकाई दरवाजा आणि पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा हे दोन्ही पुलांशी निगडित आहेत. त्यामुळे पूल हा केवळ दळणवळणाचा मार्ग न राहता संरक्षणव्यवस्थेचाही भाग ठरतो. दरवाजा बंद केला की पूल आपोआप निरुपयोगी होई.

दगडी पुलाचे बळ कमानीत असते. लाकडी साच्यावर पाचरीच्या आकाराचे दगड दोन्ही बाजूंनी रचत नेऊन माथ्याचा दगड बसवला, की वरील भार कमानीच्या वळणाने खांबांकडे उतरतो. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र नाही. म्हणूनच हा आकार योग्य ठरतो. चुन्याचे सांधे किंचित हालचाल सामावून घेतात व मुरलेला ओलावा बाहेर टाकतात.

समारोप

या गुणांमुळेच जतनकार्यात सावधगिरी हवी. चुन्याच्या जागी सिमेंट भरल्यास ओलावा आत कोंडतो आणि दगडाची झीज होते. गाळ व कचऱ्याने गाळे बुजले, तर पुराचे पाणी तुंबून पुलावर आडवा दाब येतो. बैलगाड्या, पालख्या व घोडदळासाठी बांधलेल्या मार्गावर अवजड वाहने नेणे इष्ट नव्हे. इतिहास, स्थापत्य अभियांत्रिकी व भूगोल या विभागांनी एकत्रितपणे आपापल्या परिसरातील जुन्या पुलांची मोजमापे व छायाचित्रे नोंदवून ठेवल्यास, एखादा पूल पाडण्याचा प्रश्न उद्भवेल तेव्हा निर्णय पुराव्याच्या आधारे घेता येईल. महाविद्यालयांना हे काम अल्प खर्चात करणे शक्य आहे.