सात मात्रांचे गाणे आणि चारचा ठोका

डिसेंबर उजाडला की सातारा काय आणि सांगली काय, शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात. पूर्वी तालमीला पेटी आणि तबला किंवा ढोलकी असे. आता पुष्कळ ठिकाणी एकटा कीबोर्ड असतो. उजव्या हाताने चाल वाजवावी, डाव्या हाताने दोन-तीन पट्ट्या दाबाव्यात, की ड्रम, बास गिटार, तंतुवाद्ये असा सगळा ताफा आपोआप साथीला उभा राहतो. अशा वाद्याला अरेंजर कीबोर्ड म्हणतात आणि त्या तयार साथीला स्टाइल.

साताऱ्यातील एका शाळेत अशीच एक तालीम आम्ही ऐकत होतो. गाणे रूपकातले, म्हणजे सात मात्रांचे. कीबोर्डवर लावली होती चार मात्रांची स्टाइल, कारण ती ऐकायला झोकदार होती. मुलांनी पहिल्या दोन ओळींत धडपड केली आणि मग नकळत तोडगा काढला. प्रत्येक आवर्तनातले शेवटचे अक्षर त्यांनी एक मात्रा लांबवले. साताचे आठ झाले आणि गाणे यंत्रात बसले. वाईट वाटले ते पुढेच. कीबोर्ड बंद करून तबल्यावर तेच गाणे घेतले, तर मुलांना ते सातात म्हणता येईना. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. ते चालते कसे, हे कोणी पाहिले नव्हते इतकेच.

तालाच्या यंत्राची जुनी कल्पना पाहिली तर सगळे सोपे होते. अमेरिकेत वुर्लिट्झर कंपनीने १९५९ साली 'साइडमन' नावाचे ताल देणारे यंत्र विकायला आणले. त्यात मोटरवर चालणारी फिरती रचना होती. फिरताना ती ठरावीक जागी विद्युत-संपर्क जोडत जाई आणि त्या त्या क्षणी ड्रमसारखा किंवा झांजेसारखा आवाज उमटे. एक फेरा म्हणजे एक आवर्तन आणि संपर्काच्या जागा म्हणजे मात्रा. मोटर जलद फिरवली की लय वाढली. आपल्याकडच्या कोणत्याही तबलजीला हे यंत्र दोन मिनिटांत समजले असते, कारण ताल वर्तुळात फिरतो हे त्याला आधीपासूनच ठाऊक आहे.

आजच्या कीबोर्डमध्ये मोटर नाही, तिच्या जागी स्मृती आहे. पण स्टाइलच्या फाइलमध्ये आवाज साठवलेला नसतो, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे. तिच्यात असते ती एक प्रकारची स्वरलिपी: अमुक क्षणी, अमुक क्रमांकाचे वाद्य, अमुक स्वर, एवढ्या जोराने. ही लिपी म्हणजे १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांनी मान्य केलेली 'मिडी' पद्धत. तिच्यात सोळा वाहिन्या असतात. यामाहाच्या स्टाइलमध्ये नऊ ते सोळा या आठ वाहिन्या साथीसाठी राखलेल्या आहेत. पहिल्या दोन तालाच्या, अकरावी बासची आणि उरलेल्या स्वरांच्या साथीच्या.

आता स्टाइल शोधायची कशी? कीबोर्डवर त्या पॉप, बॅलड, लॅटिन, वर्ल्ड अशा नावांखाली लावलेल्या असतात. या नावांचा आपल्याला फारसा उपयोग नाही. नावे विसरून नुसते ऐकावे आणि टाळी देत पाहावे की एका मापात मात्रा किती, आणि एका मात्रेचे आत दोन भाग पडतात की तीन. संबळावरच्या गोंधळाच्या पुष्कळ चालींत मात्रा तीनात विभागलेली असते. तिथे दोनाच्या विभागणीची स्टाइल लय कितीही जुळवली तरी खडखडतेच. उलट एखादी परदेशी नृत्याची सहा-आठची स्टाइल, नाव काहीही असो, चटकन जवळ येते.

एकाकडून दुसऱ्याकडे पेनड्राइव्हवर फिरत आलेल्या स्टाइल वापरताना आणखी एक गंमत होते. मित्राच्या कीबोर्डवर सुंदर तबला वाजतो, आपल्याकडे त्याच फाइलमधून भलतेच काही ऐकू येते. कारण उघड आहे. फाइलमध्ये तबला नाही, तबल्याचा क्रमांक आहे. तो क्रमांक आपल्या वाद्यात दुसऱ्याच आवाजाला दिलेला असेल तर तोच आवाज येणार. सर्व कीबोर्डना समान असा 'जनरल मिडी' हा क्रम १९९१ साली ठरला. त्यातल्या १२८ वाद्यांत सतार आहे, सनई आहे. तालवाद्यांच्या ४७ जागांत बोंगो आहेत, कोंगा आहेत, ब्राझीलची वाद्येसुद्धा आहेत. तबला नाही आणि ढोलकीही नाही. भारतासाठी काढलेल्या यामाहाच्या 'आय' आणि कॅसिओच्या 'आयएन' वाद्यांत तबल्याचे आवाज आहेत, पण प्रत्येक कंपनीने त्यांना आपापली जागा दिली आहे. म्हणून बाहेरची स्टाइल घेतली की आधी तिच्यातला वाद्य-क्रमांक बदलावा. आवाज नसेलच तर चाटीला बोंगो आणि बायाला खालचा कोंगा, असा गरिबीचा संसार चालतो.

यानंतर तालाचा गाभा. आधुनिक पाश्चात्त्य स्टाइलमध्ये सहसा पहिल्या मात्रेवर मोठ्या ड्रमचा धप्पा असतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रांवर स्नेअर ड्रमचा कडक फटका. गाणे परके वाटते ते बहुतांशी या फटक्यामुळे. स्टाइल दुरुस्त करण्याच्या पडद्यावर किंवा संगणकावर ताल-वाहिनी उघडून स्नेअरचा स्वर, म्हणजे क्रमांक ३८, काढून टाकला की निम्मे काम होते. उरलेले निम्मे मोठ्या ड्रमचे, क्रमांक ३६ चे. आपल्या तालात भरी आणि खाली असा भेद असतो आणि तो ऐकू येतो मुख्यतः बायामुळे. केरवा घ्या: धा गे ना ती । न क धी ना. पहिल्या दोन अक्षरांत बाया आहे, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्यात तो गप्प आहे, सातव्या 'धी'ला परत येतो. मोठा ड्रम पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या जागी ठेवला, बाकीच्या जागी पुसला, की तीच स्टाइल केरव्याकडे झुकते.

रूपकाची अडचण याहून मुळातली आहे. ती ती ना । धी ना । धी ना. येथे समेवरच खाली आहे. बाया बोलतो तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. म्हणजे यंत्र जिथे सर्वांत मोठा धप्पा देते, नेमके तिथेच रूपकात मऊ बोल हवा. त्या शाळेतल्या मुलांची समज खरे तर योग्य होती. त्यांना पहिल्या मात्रेवर ढकलले जात होते आणि गाण्याला तिथे हलके उतरायचे होते.

काही कीबोर्डवर नवी स्टाइल सुरू करताना सातची मात्रासंख्या निवडता येते. नसेल, तर लघुतम साधारण विभाज्य कामाला येतो. सात आणि चार यांचा ल.सा.वि. २८. चार मात्रांची सात मापे जोडली की त्यात रूपकाची बरोबर चार आवर्तने बसतात. म्हणून सात मापांचा एकच लांब भाग तयार करावा आणि त्यात बोल सातच्या हिशेबाने भरावेत. यंत्र समजते की आपण चार-चार मोजत आहोत. मोजू दे बापडे. झपतालाला पाच मापे पुरतात, कारण दहा आणि चार यांचा ल.सा.वि. वीस. मात्र फिल-इनचे बटण अशा वेळी दाबू नये. ती उठावणी एका मापाची, म्हणजे चार मात्रांची असते, आणि सातची घडी तिने मोडते. हाच प्रयोग वर्गात वाद्याशिवाय करता येतो. एका गटाने चार-चारच्या पहिल्या मात्रेवर टाळी द्यावी, दुसऱ्याने सात-सातच्या पहिल्या मात्रेवर चुटकी. सुरुवातीला एकत्र आलेली टाळी आणि चुटकी पुन्हा एकत्र येते ती थेट एकोणतिसाव्या मात्रेवर. सहावी-सातवीच्या मुलांना ल.सा.वि. याहून चांगला कुठे भेटेल, आम्हाला सुचत नाही.

बोल भरताना एक मोह टाळावा. 'क्वांटाइझ' नावाची सोय आपण वाजवलेला प्रत्येक आघात ओढून जवळच्या ठरलेल्या जागी बसवते. यामाहाच्या अलीकडच्या स्टाइलमध्ये एका मात्रेचे १९२० सूक्ष्म भाग असतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक भाग म्हणजे सुमारे पाव मिलिसेकंद. ढोलकीवाला एखादा बोल २० मिलिसेकंद मागे टाकतो, म्हणजे सुमारे ७७ भाग. फाइलमध्ये हा फरक सहज मावतो. पण क्वांटाइझने पाव मात्रेची जाळी लावली की तिचे खण १२५ मिलिसेकंदांचे होतात, आणि वादकाच्या हातातली ती लचक सपाट होते. चूक दुरुस्त करायची असेल तर तेवढाच बोल हाताने सरकवावा.

आता स्वरांकडे. यामाहाच्या स्टाइलमध्ये स्वरांची साथ सहसा एकाच कॉर्डवर नोंदवलेली असते: सा ग प नी. आपण डाव्या हाताने दुसरा कॉर्ड दाबला की यंत्र त्या नोंदीचे रूपांतर करते. त्याच्या दोन मुख्य पद्धती पेटीवर वाजवून दाखवता येतात. सा ग प वाजवा आणि मध्यमाच्या कॉर्डवर जा. सगळा हात उचलून म ध सां वाजवला, तर ती पहिली पद्धत. सा तसाच धरून ग चा म आणि प चा ध केला, म्हणजे सा म ध वाजवले, तर ती दुसरी. बासला पहिली शोभते, मागच्या भरण्याला दुसरी.

दोन्ही पद्धती गृहीत धरतात की कॉर्ड बदलत राहणार. भूपातल्या एखाद्या प्रार्थनेचे काय? भूपात सा रे ग प ध एवढेच स्वर. सा चा कॉर्ड चालतो. पण मध्यमाच्या कॉर्डबरोबर म येतो, पंचमाच्या कॉर्डबरोबर नी येतो, आणि नोंदलेल्या मूळ साथीत तर नी आधीच बसलेला. गाणारा ज्या स्वरांना शिवत नाही, ते साथ खुशाल वाजवत राहते.

यावरचा उपाय सांगलीला लागूनच असलेल्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आला आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याच्या चार तारा प, सा, सा आणि खर्जाचा सा अशा लावतात. गाणे कुठेही जावो, तंबोरा हलत नाही. कीबोर्डला हेच शिकवता येते. स्वरांच्या सगळ्या वाहिन्या बंद करून एकीवर हे चार स्वर सावकाश, एकात एक मिसळतील असे भरावेत. मग त्या वाहिनीच्या रूपांतराच्या नियमात मूळ स्वर 'स्थिर' आणि स्वर-तक्ता 'बायपास' असे निवडावे. आता डाव्या हाताने कोणताही कॉर्ड दाबला तरी ती वाहिनी जागची हलत नाही. पट्टी मात्र ट्रान्सपोजच्या बटणाने बदलावी: पांढरी एकवर भरलेला सा काळी पाचला हवा असेल तर उणे दोन. मिरजेच्या भोपळ्याची जवारी यातून येत नाही, पण वर्ज्य स्वरांचा गोंगाट थांबतो.

अशी तंबोऱ्याची स्टाइल साठवून ठेवली की तालाच्या दोन्ही वाहिन्या बंद करून नुसता सूर चालू ठेवता येतो. त्या शाळेत पुढच्या तालमीला आम्ही तेच केले. यंत्राची लय कड्यासारखी घट्ट असते, पोवाड्याची नसते. शाहीर रंगात आला की तो चढतो, थांबतो, पुन्हा उसळतो, आणि त्याच्यामागे धावणे फक्त माणसाला जमते. सुराला लयीचे बंधन नसल्यामुळे सूर यंत्राने धरला आणि ताल आठवीतल्या एका मुलाने ढोलकीवर. रूपकाचे ते गाणे मात्र अजून सातात पक्के झालेले नाही. शेवटचे अक्षर लांबवायची सवय जायला आणखी काही दिवस लागतील.