दंडातला उंदीर

इंग्रजीत स्नायूला ‘मसल’ म्हणतात. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘मुस्कुलुस’ या शब्दात आहे आणि त्याचा सरळ अर्थ ‘छोटा उंदीर’. ‘मूस’ म्हणजे उंदीर. त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘मुस्कुलुस’ झाला. हात कोपरात दुमडला की दंडावर गोळा चढतो, सरळ केला की तो सरकत नाहीसा होतो. कातडीखालून उंदीर पळाल्याच्या या भासावरूनच हे नाव पडले असावे, असे सामान्यतः मानतात.

ही कल्पना एकट्या रोमन लोकांची नव्हे. प्राचीन ग्रीकमध्ये ‘म्यूस’ या एकाच शब्दाला उंदीर आणि स्नायू असे दोन्ही अर्थ होते. हृदयाच्या स्नायूला डॉक्टर ‘मायोकार्डियम’ म्हणतात, त्यातला ‘मायो’ तिथलाच. रशियन ‘मिश्त्सा’ (स्नायू) हाही ‘मिश’ म्हणजे उंदरापासून बनलेला.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचमार्गे आला. स्पेलिंगमधला ‘सी’ ‘मसल’ म्हणताना गडप होतो, ‘मस्क्युलर’मध्ये मात्र ऐकू येतो. ज्या शिंपल्यांना गोव्यात शिणाणे म्हणतात, त्यांचे इंग्रजी नावही ‘मुस्कुलुस’वरूनच आले. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये घरातल्या उंदराला ‘मुस मुस्कुलुस’ हे शास्त्रीय नाव दिले. शब्दशः पाहिले तर ते ‘उंदीर छोटा उंदीर’ असे होते!

संस्कृत ‘मूष’ हा लॅटिन ‘मूस’चा सख्खा भाऊबंद, तरी संस्कृतात तो स्नायूकडे वळला नाही. वृषणाला मात्र ‘मुष्क’ म्हणत. बहुतेक अभ्यासकांच्या मते तोही छोटा उंदीरच. कस्तुरीचे इंग्रजी नाव ‘मस्क’ हे या शब्दाशी फारसीमार्गे जोडले जाते.

मराठीने दंडात वेगळाच प्राणी पाहिला. तालमीतला पोरगा दंड फुगवून दाखवतो ती बेडकुळी. तिच्यात बेडूक आहे. ‘बेटकुळी’ हे तिचेच बोलीतले रूप.

पाठ्यपुस्तकातला ‘स्नायू’ संस्कृतातून आला. सुश्रुतसंहितेत स्नायू 900 आणि पेशी 500 अशी वेगवेगळी गणती आहे. तिथे मांसाच्या भागांना पेशी म्हटले आहे, तर स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे चिवट तंतू. आज मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मसल आणि ‘पेशी’ म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक. हिंदीत मात्र ‘स्नायु तंत्र’ म्हणजे मज्जासंस्था. त्यामुळे हिंदी वैद्यकीय लेख वाचताना मराठी वाचकाची हमखास गफलत होते.