मिग-२१, ७२ पट लहान: बऱ्याच वर्षांनी पुन्हा मॉडेल बनवताना

आजचा एपिसोड ना करिअरवर, ना गॅजेटवर. आज बोलायचंय प्लॅस्टिकच्या विमानांबद्दल. म्हणजे रेडिमेड खेळणी नाहीत हं, सुटे भाग कापून, घासून, चिकटवून, रंगवून बनवायची स्केल मॉडेल्स. शाळेत असताना मी बनवायचो. मग बारावी, बीटेक, नोकरी, आणि सगळं बंद. आता पुन्हा सुरू केलंय. तुमच्याही माळ्यावर एखादा अर्धवट किट पडला असेल, तर हा एपिसोड तुमच्यासाठीच.

आधी स्केल समजून घेऊ. १:७२ म्हणजे खऱ्या विमानाचे ६ फूट, मॉडेलवर १ इंच. ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीने १९३६ मध्ये 'पेंग्विन' नावाची मालिका याच स्केलमध्ये काढली होती. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार साधारण ७.१५ मीटर. त्याला ७२ ने भागा, जेमतेम १० सेंटीमीटर येतात. १:४८ घेतलं तर १५. वन बीएचकेत राहत असाल तर १:७२ बरं!

आता गंमत बघा. भागाकार फक्त लांबीचा होत नाही. दोन भागांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या विमानात ती साडेतीन सेंटीमीटरची भेग झाली. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या विमानावर ७ मिलिमीटरचं प्लास्टर! म्हणून रंग पातळ करून दोन-तीन हात द्यायचे, आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. मॉडेल 'खेळण्यासारखं' दिसतं ते बहुतेक वेळा जाड रंगामुळे.

मी मिग-२१ च का निवडलं? हे विमान १९६३ मध्ये आपल्या हवाई दलात आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये त्याला निरोप दिला गेला. शेकडो मिग आपल्या नाशिकजवळ ओझरला, एचएएलमध्ये तयार झाली. माझे काका तिथूनच रिटायर झाले. किट घेण्याआधी मी त्यांना डब्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "बाळा, डब्यावरचं चित्र सोड. आधी पाठ बघ. एम आहे का बीस?"

हाच या छंदाचा गाभा आहे. 'मिग-२१' असं एकच विमान नाहीच. एफएल, एम, बीस, बायसन, सगळे वेगळे. कॉकपिटच्या मागे शेपटीपर्यंत जो उंचवटा जातो, तो बीसमध्ये एमपेक्षा मोठा. एफएल तर डिसेंबर २०१३ मध्येच निवृत्त झालं. त्यामुळे डिटेल मॉडेल बनवायचं म्हणजे आधी ठरवायचं: कुठलं विमान, कुठल्या वर्षीचं? मग त्याचे फोटो शोधायचे. रंग, नंबर, खाली लटकवलेल्या टाक्या, सगळं त्यावरून ठरतं.

आता कामाचं बोलू. भाग प्लॅस्टिकच्या चौकटीतून हाताने तोडू नका. साइड कटरने थोडं लांबून कापा, उरलेला तुकडा ४०० ते १००० नंबरच्या सँडपेपरने घासा. मॉडेलचं सिमेंट चिकटवत नाही, ते प्लॅस्टिक वितळवून दोन भाग एकजीव करतं. इथे कंट्रोल-झेड नाही! म्हणून आधी सगळं कोरडंच जुळवून बघा. कॉकपिटच्या काचेला मात्र सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. आपलं साधं पांढरं फेविकॉल तिथे झकास चालतं, वाळल्यावर दिसतही नाही. मिगला पुढे एक चाक आणि मागे दोन, त्यामुळे नाकात वजन भरलं नाही तर मॉडेल शेपटीवर बसू शकतं. तिरंगी गोल आणि नंबर पाण्यात भिजवून लावायचे असतात. त्याआधी चकचकीत वार्निशचा हात द्या, नाहीतर खाली हवा अडकून पांढुरके डाग दिसतात. पावसाळ्यात लॅकर मारत असाल तर कोरडा दिवस बघा, दमट हवेत थर दुधाळ पडू शकतो. आणि खिडकी उघडी, मास्क तोंडावर. यात तडजोड नको.

वेळ किती जातो? मी रात्री पाऊण तास देतो. फोन दुसऱ्या खोलीत. नोकरीत आम्ही जे बनवतो ते कधी 'झालं' असं होतच नाही, पुढचं व्हर्जन तयारच असतं. इथे शेवटचं चाक बसतं आणि काम संपतं.

माझं मॉडेल बीसचं आहे. झाल्यावर ते काकांकडे जाईल. ज्या विमानावर त्यांनी नोकरी काढली, ते आता आकाशात दिसणार नाही. निदान टीव्हीशेजारी तरी असावं, आणि पाठ बरोबर असावी.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर १:७२ चा, कमी भागांचा किट घ्या. आणि तुमच्या घरात कुणी विमानावर, रेल्वेत, बोटीवर काम केलं असेल, तर आधी त्यांना विचारा. कुठलं बनवायचं, ते तिथेच कळेल. भेटू पुढच्या एपिसोडला!