दहावीनंतरची वाट : मुलांची कोणती, मुलींची कोणती?

दहावीचा निकाल लागला की येरवडा परिसरातील आपल्या घरांमध्ये मुलीला कोणत्या शाखेत घालावे, याची चर्चा सुरू होते. यंत्रे व गणित मुलांसाठी, अध्यापन व शुश्रूषा मुलींसाठी, असा निर्वाळा देताना अलीकडे काही पालक विज्ञानाचाच हवाला देतात. म्हणून विज्ञान काय सांगते, ते पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

स्त्रीपुरुषांत जैविक भेद आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. एखादी आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखण्याच्या चाचणीत पुरुषांची सरासरी सरस असते, लेखनात स्त्रियांची. परंतु सरासरी म्हणजे आपली मुलगी नव्हे. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये अशा ४६ संकलित अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा ७८ टक्के फरक अल्प किंवा नगण्य आढळले.

२०११ साली प्रसिद्ध झालेले ईशान्य भारतातील एक संशोधन तर फारच बोलके आहे. खासी व कार्बी या शेजारच्या जमातींतील स्त्रीपुरुषांना तुकडे जुळविण्याचे कोडे देण्यात आले. पितृवंशीय कार्बींमध्ये पुरुषांनी ते लवकर सोडविले. मातृवंशीय खासींमध्ये, जिथे मालमत्ता मुलीकडे जाते, हा फरक आढळलाच नाही.

आवडीनिवडींतील तफावत मात्र मोठी आहे. सरासरीने पुरुषांचा ओढा वस्तूंकडे, स्त्रियांचा माणसांकडे. यात निसर्ग किती व संस्कार किती, यावर विद्वानांचे एकमत नाही.

आपल्या पुण्यात १९७४ साली टेल्कोने अभियंत्यांच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे छापले होते. सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले, आणि त्यांना मुलाखतीचे बोलावणे व नोकरीही मिळाली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली ती ३० मे २०२५ रोजी. त्या १७ जणी होत्या. तोवर हा दरवाजा बंद होता तो नियमाने; कुवत कोणी तपासलीच नव्हती.

मुलग्यांविषयी आपण बोलतच नाही. नर्सिंगला जाऊ इच्छिणाऱ्या मुलाची घरात व नातलगांत थट्टा होते, आणि रुग्णसेवेचा गौरव करणाऱ्या आपल्या समाजात ती व्हावी, याचे आम्हांला नवल वाटते.

अभियांत्रिकीकडे वळू पाहणाऱ्या मुलीला आकृत्यांची भीती वाटत असेल, तर सुट्टीतच तिला चित्र काढून, ठोकळे जुळवून सराव करू द्यावा. हे कौशल्य सरावाने वाढते, हे अनेक प्रयोगांनी दाखविले आहे.