यंत्रमानवाच्या चढणीची हलकी फळी

ट्रकवर पोती चढविणारा हमाल फळीवर भार नेण्यापूर्वी ती पायाने दाबून पाहतो. ती किती लवते यावरून तिचा भरवसा ठरतो. विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धेतील रॅम्पचा प्रश्न मुळात हाच होय. फरक इतकाच की, तेथे फळीही यंत्रानेच अंगावर वाहून आणावयाची असते.

अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या 'फर्स्ट' या संस्थेची २००७ सालची स्पर्धा आम्ही उदाहरणादाखल घेतो. तीत एका पक्षाला तीन यंत्रे असत. खेळ संपतेवेळी आपल्या हद्दीत एका यंत्राने सोबतीच्या यंत्राला जमिनीपासून ४ इंच वर धरले तर १५ गुण, १२ इंच धरले तर ३० गुण मिळत. सोबत्याला वर घेण्याला अशी किंमत होती. परंतु ४ फूट उंचीपर्यंतच्या यंत्राचे वजन, बॅटरी व बंपर सोडून, १२० पौंडांवर जाता कामा नये असा नियम होता. त्यात चाके, मोटारी, सांगाडा सारे आले. फळीच्या वाट्याला उरे ते थोडेच. चढणारा सोबती मात्र तितकाच जड असू शके!

मग वजन कोठे वाचवावे? पोलादाऐवजी ॲल्युमिनियम वापरावे, असे प्रथम सुचते. त्याचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश खरे, पण ताठपणाही सुमारे तेवढाच. म्हणून आकाराकडे पाहावे लागते. पट्टी आडवी ठेवली तर लवते, तीच कडेवर उभी केली तर ताठ राहते. उभ्या पट्टीची उंची दुप्पट केली की वजन दुप्पट होते, ताठपणा मात्र आठपट. वाकताना वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते. मधल्या भागावर हा ताण सर्वांत कमी. तेथे भोके पाडून वजन काढता येते. कडांना हात लावू नये. वर पातळ पत्रा आणि खाली जवळजवळ उभ्या पट्ट्या, ही रचना सोयीची.

आता चढ. १२ इंच उंचीला जमिनीवर ३६ इंच लांबी दिली तर चढ एकास तीन होतो. तेथे चाकांची पकड त्यांवरील दाबाच्या एक तृतीयांशाहून अधिक हवी. नाही तर चाके जागच्या जागी फिरतील. लांबी वाढविली तर चढ सोपा होतो, पण फळी अधिक लवते. यावर उपाय मध्ये टेकू देण्याचा.

बिजागरी आणि तिची पिन येथे मात्र काटकसर नको, कारण उलगडणाऱ्या फळीचा भार तेथूनच जातो. काटकसर करणारा एक आणि फळीवर चढणारा दुसरा, हे कामगार चळवळीत आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. या स्पर्धेतही फळी एका शाळेची आणि चढणारे यंत्र दुसऱ्या शाळेचे असते. तेव्हा पूर्ण भार ठेवून, तोही मुद्दाम एका कडेला ठेवून पाहिल्यावाचून फळी मैदानात नेऊ नये.