खणण्यावरचा कर

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात १८५१ साली सोनं सापडलं, तेव्हा ती वेगळी वसाहत होऊन काही आठवडेच झाले होते. मेलबर्नचे कारकून आणि पोलीस नोकऱ्या टाकून कुदळ-फावडं घेऊन निघाले. इंग्रजी कायद्यानुसार जमिनीतलं सोनं राणीचं. त्या आधारावर लेफ्टनंट गव्हर्नर ला ट्रोब यांनी खणणाऱ्या प्रत्येकाला महिना ३० शिलिंगांचा परवाना सक्तीचा केला आणि अंमलबजावणीसाठी जागोजागी ‘गोल्ड कमिशनर’ बसवले.

या अधिकाऱ्याच्या हाती काय नव्हतं? परवाने द्यायचे, फी वसूल करायची, कुणाचा खड्डा कुठं संपतो याचे तंटे मिटवायचे, मेलबर्नला जाणाऱ्या सोन्याच्या पहाऱ्याची व्यवस्था बघायची आणि विनापरवाना खणणाऱ्यांना पकडवायचंही. वसुली आणि न्याय एकाच खुर्चीत बसवण्याची ही रीत आपल्याकडच्या कलेक्टर कचेरीनंही पाहिली आहे.

खरी खोट कराच्या पायात होती. तो सोन्यावर नव्हता, खणण्यावर होता. सुरुवातीला सोनं वरच्या थरात सापडे, तेव्हा ३० शिलिंग सहज भरून निघत. व्हिक्टोरियातल्याच बॅलरॅटला मात्र सोनं जुन्या, गाडल्या गेलेल्या नदीपात्रांत खोलवर होतं. चिखल-पाणी उपसत, लाकडाचे आधार देत विवर खोल न्यायचं, यात महिनेच्या महिने जात. तळाला सोन्याचा कण लागेल याची खात्री नाही, पण परवाना दर महिन्याला हवाच, आणि तोही अंगावर. पोलीस आले की चिखलानं माखलेल्या माणसानं वर चढून कागद दाखवायचा. कागद तंबूत राहिला असला तरी गुन्हा. दंडातला अर्धा वाटा पकडणाऱ्याला मिळे, त्यामुळे पोलिसांचा उत्साह कशासाठी होता हे सांगायला नको.

१८५४ मध्ये नवे लेफ्टनंट गव्हर्नर हॉथम यांनी, तिजोरीतली तूट भरून काढण्यासाठी, आठवड्यातून दोनदा तपासणी करण्याचा हुकूम दिला. बॅलरॅटचे कमिशनर होते रॉबर्ट रीड. त्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. वरून हुकूम, खालून संताप, आणि मधल्या अधिकाऱ्याला ऐकून घेण्याचा अधिकारच नाही, अशी ती जागा होती. तरीही एक निर्णय त्यांच्या नावावर राहतोच. २९ नोव्हेंबरला बेकरी हिलवरच्या सभेत खाणकामगारांनी परवाने जाळले आणि दुसऱ्याच दिवशी रीड यांनी पुन्हा तपासणी काढली. मग पीटर लॉलर यांच्या नेतृत्वाखाली बॅलरॅटमधल्या युरेका इथं खाणकामगारांची लाकडी तटबंदी उभी राहिली. ३ डिसेंबरच्या रविवारी पहाटे सैन्यानं ती काही मिनिटांत मोडली. किमान २२ खाणकामगार मेले, लॉलर यांचा एक हात गेला. गाऱ्हाणी ऐकण्यासाठी चौकशी आयोगाची घोषणा त्याआधीच झाली होती, हे वाचून आजही हळहळ वाटते.

या उठावाबद्दल चाललेल्या राजद्रोहाच्या खटल्यातले सर्व १३ आरोपी सुटले. आयोगाच्या शिफारशींवरून १८५५ मध्ये मासिक परवाना गेला. त्याजागी वर्षाला एक पौंडाचा ‘मायनर्स राइट’ आला आणि त्यासोबत मताचा हक्क. कर आता निर्यात होणाऱ्या सोन्यावर बसला, औंसामागे अडीच शिलिंग. म्हणजे ज्याला सोनं मिळेल त्यानंच द्यायचं. कमिशनरांऐवजी वॉर्डन आले, आणि खाणीचे नियम ठरवायला खाणकामगारांनीच निवडलेली स्थानिक न्यायमंडळं. त्याच वर्षी लॉलर विधिमंडळात पोहोचले.

हा न्याय सर्वांना मिळाला नाही. ज्यांच्या भूमीत ही विवरं खणली गेली त्या वाथाउरंग लोकांना कुणी विचारलंच नाही. आणि त्याच १८५५ मध्ये, त्याच सरकारनं, बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर लादला. तो चुकवण्यासाठी हजारो चिनी शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोब बंदरात उतरले आणि तिथून शेकडो किलोमीटर पायी चालत सोन्याच्या मुलखात पोहोचले.